सायकलचं चाक घरी बांधायचं तर: आधी ताण, मग आऊट

प्रश्न थोडक्यात असा: वजन ८८ किलो, ७०० सी चाकांची सात गिअरची हायब्रिड सायकल. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा एकामागून एक तुटतायत. दुकानात दर वेळी तुटलेली तार बदलून, आऊट (फिरताना चाकाच्या कडेला येणारा डावी-उजवीकडचा हेलकावा) काढून मिळतो आणि थोड्याच दिवसांत शेजारची तार जाते. पुढच्या हंगामात ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे. तर नवं चाक स्वतः घरी बांधणं जमेल का, की ते कारागिराचंच काम?

जमेल. लेथ लागत नाही, वेल्डिंग लागत नाही, मनगटात फार जोरही लागत नाही. एक मोकळा रविवार लागतो आणि घाई न करणारा स्वभाव लागतो. पण तुमच्या तारा का तुटतात हे आधी समजून घ्या. ते समजलं नाही तर घरी बांधलेलं चाकही तसंच तुटेल.

तुमच्या वजनाने तार तुटत नाही. चांगल्या स्टेनलेस स्टीलची २ मिमीची तार अडीचशे किलोहून जास्त ओढ सहज सोसते. ती तुटते थकून. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरा खालून भार पेलतो, दाबला जातो. सायकलची तार दाब घेऊच शकत नाही, लगेच वाकेल. म्हणून प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते आणि भार आला की जमिनीलगतच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो. चाक फिरलं की तो परत येतो. ३५ मिमीच्या टायरचा घेर साधारण २.१७ मीटर धरला तर ३०० किलोमीटरमध्ये चाक सुमारे १ लाख ३८ हजार वेळा फिरतं. तेवढ्या वेळा प्रत्येक तार सैल होते आणि पुन्हा ताणली जाते.

मूळ ताण भरपूर असेल तर ही उतरचढ तारेला जाणवतही नाही. ताण कमी असेल तर तार दर फेऱ्याला पूर्ण ढिली पडते, तिचा हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) वाकलेला कोपरा भोकात हलतो आणि तिथेच बारीक चीर सुरू होते. तुमच्या तारा कोपऱ्यातच, डोक्याजवळ तुटत असणार. तुटलेला तुकडा जपून ठेवला असेल तर बघा. अर्धा काप मळकट, गुळगुळीत आणि उरलेला चकचकीत, खरखरीत दिसेल. मळकट भाग म्हणजे आठवडेच्या आठवडे सरकत आलेली जुनी चीर.

आणि म्हणूनच एकेक तार बदलणं हा उपाय नाही. एक तार थकून तुटली म्हणजे तिच्या बाजूच्या सगळ्या तारांनी तितकेच फेरे मारलेले आहेत. शिवाय घाईत आऊट काढताना सोपा मार्ग म्हणजे ज्या बाजूला रिम झुकली आहे त्या बाजूच्या तारा ढिल्या करणं. चाक सरळ दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि चाकातला ताण दर वेळी थोडा उतरतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: चाक सरळ फिरतंय एवढ्याने ते चांगलं ठरत नाही. ताण पुरेसा आहे का आणि सगळीकडे सारखा आहे का, हे दोन प्रश्न आधी. आऊट त्यानंतर.

आता सामान. सात गिअरच्या बऱ्याच सायकलींना मागे हबवर आट्याने बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. जड चालक, पाठीमागे पिशव्या आणि वाटेत खड्डे, अशात तो एक्सल वाकतो. नवं चाक बांधायचंच आहे तर कॅसेट (दातेरी चक्रांचा सरकवून बसवायचा गठ्ठा) बसणारा फ्रीहब घ्या. त्यात बेअरिंग टोकाजवळ असतं. आठ, नऊ किंवा दहा गिअरच्या फ्रीहबवर ४.५ मिमीचा स्पेसर टाकला की सात गिअरची कॅसेटही बसते, त्यामुळे शिफ्टर बदलावे लागत नाहीत. हब घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधलं अंतर मोजा. हायब्रिडला बहुधा १३५ मिमी असतं, रोड सायकलला १३०.

भोकं ३६ घ्या. ३६ चा हब किंवा रिम मिळाली नाही तर ३२ चालतील, पण तुमचं वजन आणि आपले रस्ते बघता मी ३६ साठी थोडं शोधेन. चार तारांचं वजन नगण्य आहे. एखादी तार वाटेत तुटली तरी ३६ च्या चाकावर ब्रेक थोडा सैल करून घर गाठता येतं. रिम दुहेरी भिंतीची हवी, आतली रुंदी १९ ते २१ मिमी. तुमच्या सायकलला रिम ब्रेक असतील तर रिमही ब्रेकच्या घासपट्टीची घ्या. डिस्कची रिम स्वस्तात मिळाली म्हणून आणू नका.

तारा बटेड घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी. डीटी स्विसची काँपिटिशन आणि सापिमची रेस या दोन्ही त्याच मापाच्या. मध्ये बारीक म्हणजे कमकुवत, असं वाटणं साहजिक आहे, पण घडतं उलट. बारीक भाग त्याच ताणाला सुमारे २३ टक्के जास्त लांबतो, त्यामुळे खड्ड्यात रिम दबली तरी तार पूर्ण ढिली पडत नाही आणि कोपरा वाचतो. निपल, म्हणजे रिमच्या भोकातून तारेच्या आट्यांवर चढणारे छोटे नट, मात्र पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल हलके असतात, रंगीत मिळतात, फोटोत छान दिसतात. पण रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबई अशा खाऱ्या हवेत दोन पावसाळे गेले की त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, आटे जाम होतात आणि पाना लावला की निपलची कडाच सोलून निघते.

हत्यारं थोडीच लागतात. निपलचा पाना बरोबर मापाचा हवा; दुकानात मिळणारा गोल, सहा-सात खाचांचा पाना यासाठी नको, तो निपलच्या कडा खातो. पार्क टूलच्या पान्यांत काळा ३.२३ मिमी, हिरवा ३.३० आणि लाल ३.४५ मिमीचा. निपल आधी हातात घ्या, मोजा, मग पाना घ्या. बारीक स्क्रू-ड्रायव्हर, पोलादी पट्टी आणि मास्किंग टेप घरात असतेच. ट्रूइंग स्टँड (चाक फिरवून आऊट बघायचा घोडा) नसला तरी अडत नाही: सायकल उलटी उभी करा, मागच्या दोन्ही नळ्यांना केबल टाय आवळून त्यांची शेपटं रिमच्या कडेपर्यंत कापून घ्या. शेपूट कुठे घासतं आणि कुठे फट राहते, त्यावरून अर्ध्या मिमीचा फरकही डोळ्याला कळतो.

तारांची लांबी हा सगळ्यात किचकट भाग. आणि खरं तर इथेच चाक बिघडतं किंवा साधतं. तार आखूड पडली तर ती निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाही आणि निपल मानेतून तुटतो. लांब पडली तर आटे संपतात, निपल पुढे सरकत नाही आणि तुम्हाला वाटतं चाक कसलं गेलं. दोन्ही बाजूंना मिळून तुमच्या हातात दीड-दोन मिमीची मोकळीक असते, त्याहून जास्त नाही.

त्यासाठी रिमचा परिणामी व्यास लागतो, म्हणजे समोरासमोरच्या दोन तारांची टोकं निपलमध्ये जिथे संपायला हवीत त्या दोन बिंदूंमधलं अंतर. रिमवर छापलेला आकडा किंवा इंटरनेटवरचा आकडा धरून तारा मागवू नका, स्वतः मोजा. दोन जुन्या तारा घ्या, कोपऱ्याकडून कापून दोन्ही बरोबर २५० मिमीच्या करा. निपल इतके चढवा की तारेचं टोक निपलच्या डोक्यातल्या खाचेच्या तळाशी येईल. दोन्ही तारा रिमच्या अगदी समोरासमोरच्या भोकांत घाला; ३६ च्या रिममध्ये पहिलं भोक धरून एकोणिसावं. दोन्ही आतल्या बाजूला ताणून धरा आणि मधली फट मोजा. फट १०० मिमी आली तर व्यास ६००. हेच रिमवर आणखी दोन-तीन ठिकाणी करा आणि सरासरी घ्या. नवी कोरी रिमही अगदी गोल नसते.

हबवर तीन मापं: फ्लांजवरच्या (हबच्या ज्या चकतीत तारा अडकतात तिच्यावरच्या) भोकांच्या वर्तुळाचा व्यास, हबच्या मध्यापासून डाव्या फ्लांजचं अंतर आणि उजव्या फ्लांजचं अंतर. हा मध्य म्हणजे एक्सलवरच्या, फ्रेमला टेकणाऱ्या दोन्ही लॉकनटांच्या बाहेरच्या कडांचा मध्य, हबच्या नळीचा नव्हे. मग गणित. रिमची त्रिज्या आणि फ्लांजची त्रिज्या यांचे वर्ग घ्या, त्यात फ्लांज अंतराचा वर्ग मिळवा, दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला कोनाच्या कोसाइनने गुणा आणि ते वजा करा. आलेल्याचं वर्गमूळ काढा आणि त्यातून फ्लांजच्या भोकाची त्रिज्या, म्हणजे सव्वा मिमीच्या आसपास, वजा करा. ३६ तारांच्या थ्री क्रॉस (प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते अशा) चाकात हा कोन बरोबर ६० अंश येतो, कोसाइन ०.५, त्यामुळे कागदावरही होतं.

उदाहरणच घेऊ. परिणामी व्यास ६००, फ्लांजचं वर्तुळ ४५, डावं अंतर ३६, उजवं २० मिमी. डावीकडे ९०००० + ५०६.२५ + १२९६ − ६७५०, वर्गमूळ २९१.६, वजा १.३, म्हणजे २९०. उजवीकडे ३६ च्या वर्गाऐवजी २० चा वर्ग, ४००, आणि उत्तर २८८.८. तर डाव्या बाजूला २९० आणि उजव्या बाजूला २८९ मिमी, प्रत्येकी १८ तारा. फक्त सम आकड्यांच्या मिळत असतील तर २९० आणि २८८. इंटरनेटवरची गणकयंत्रंही हेच सूत्र वापरतात. तिथे आकडे भरून ताळा जरूर करा, पण मापं तुमच्या पट्टीची हवीत. आणि दोन-दोन तारा जास्तीच्या मागवा. त्या पुढे लागतील.

उजवीकडचं अंतर कमी का, तर तिकडे कॅसेटला जागा द्यावी लागते. त्याचा परिणाम मोठा आहे. रिम मध्यभागी राहायची तर दोन्ही बाजूंची ओढ समतोल हवी आणि उभ्या उतरलेल्या उजव्या तारांना त्यासाठी जास्त ताण लागतो. वरच्या मापांत डाव्या तारेचा ताण उजव्याच्या साधारण ५५ टक्के येतो: उजवीकडे ११० किलो असेल तर डावीकडे ६० च्या आसपास. दोन्हीकडे सारखा ताण येणार नाही, आणायचा प्रयत्नही करू नका.

आता तारा भरणं. रिम मांडीवर घ्या. तारांचे आटे तेलात बुडवा. कुठलं तेल? परदेशात चाक बांधणारे जुने कारागीर आट्यांना जवसाचं तेल लावतात आणि ते आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात रंगांशेजारी ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं. ओलं असताना ते वंगणाचं काम करतं आणि वाळलं की आटे हलके धरून ठेवतं; डाव्या बाजूच्या कमी ताणाच्या निपलना त्याची विशेष गरज असते. स्वयंपाकाचं साधं तेल मात्र नको, ते वाळत नाही. ज्या चिंध्यांना हे तेल पुसाल त्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून वाळवा, मग टाका.

रिमची भोकं एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे किंचित सरकलेली असतात. हब उजवी बाजू वर करून धरा आणि उजव्या फ्लांजच्या एकाआड एक भोकांत वरून नऊ तारा सोडा, म्हणजे डोकं बाहेर आणि तार फ्लांजच्या आतल्या अंगाला. पहिली तार व्हॉल्व्हच्या भोकालगतच्या दोन भोकांपैकी जे उजवीकडे सरकलेलं आहे त्यात. पुढची तार तीन भोकं सोडून चौथ्यात, तशीच पुढे. निपल फक्त दोन-तीन फेरे. चाक उलटं करा. डाव्या फ्लांजची भोकं उजव्याच्या अगदी समोर नसतात, अर्ध्या घराने पुढे-मागे असतात. डावीकडची पहिली तार रिमवर तुमच्या पहिल्या तारेच्या शेजारच्या, पण व्हॉल्व्हपासून दूरच्या भोकात जाते. हबवरही तिचं भोक त्याच दिशेला अर्ध्या घराने सरकलेलं निवडा. हे एक भोक चुकलं की पुढच्या सगळ्या तारा दोन मिमी आखूड किंवा लांब वाटायला लागतात. बहुतेकांचं इथेच अडतं. बाकीच्या आठ तारा पहिल्यासारख्याच, चौथ्या-चौथ्या भोकात.

मग हब हाताने पिळा, पहिली तार व्हॉल्व्हपासून दूर झुकेल अशा दिशेने. आता उरलेल्या भोकांत आतून बाहेर तारा घाला, म्हणजे डोकं आत आणि तार बाहेर. अशी प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते: पहिल्या दोघींच्या बाहेरून आणि तिसरीच्या आतून. त्या तिसरीखालून घालताना तार हलकेच वाकवावी लागते. वाकवा, घाबरू नका. मग आपल्या बाजूचं रिकामं भोक तिला आपोआप सापडतं. सगळ्या भरल्या की व्हॉल्व्हच्या भोकाकडे बघा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा त्याच्यापासून दूर झुकलेल्या असल्या तर पंपाचं तोंड नीट बसेल. मध्ये फुली आली असेल तर कुठेतरी एक घर चुकलंय. आत्ताच सोडवा, नंतर जिवावर येतं.

ही तिरपी गुंफण कशासाठी, असं कुणीतरी विचारतंच. तारेचं चाक पॅरिसच्या यूजेन मेयरने १८६९ साली पेटंट केलं, तेव्हा तारा हबमधून सरळ बाहेर जात. अशा चाकात पेडलची ताकद हबकडून रिमकडे नेताना तारा आधी पिळल्या जातात. जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये तारा हबला स्पर्शरेषेत लावल्या, निम्म्या पुढे ओढणाऱ्या आणि निम्म्या मागे. आपण अजून तेच करतोय.

तर, ताण. सगळे निपल आधी एका पातळीवर आणा: तारेचा शेवटचा आटा निपलमध्ये नुकताच दिसेनासा होईल इतके. मग व्हॉल्व्हपासून सुरुवात करून प्रत्येकाला एक फेरा, पुन्हा व्हॉल्व्हपाशी या, पुन्हा एक. निपल कुठल्या दिशेला फिरवायचा याचा घोळ होतो, कारण तुम्ही तो आतून बघता. बाहेरून, टायरच्या बाजूने स्क्रू-ड्रायव्हर लावला आहे अशी कल्पना करा. तिथून उजवीकडे फिरवला की घट्ट.

चाक थोडं ताठ झालं की आधी उंचवटे बघा. रिम वर-खाली होते का? जिथे ती बाहेर आली आहे तिथल्या डाव्या आणि उजव्या दोन्ही तारा अर्धा फेरा कसा. हे आत्ताच करून घ्यायचं. ताण पूर्ण चढल्यावर उंचवटा जागचा हलत नाही. रिमच्या सांध्यापाशी बारीकसा उंचवटा राहिला तर राहू द्या. मग आऊट. रिम डावीकडे गेली असेल तर तिथल्या उजव्या तारा कसा. डाव्या ढिल्या करू नका, आत्ता आपल्याला ताण चढवायचाच आहे. पाना लावताना एकाच तारेवर तुटून पडू नका. झुकावाच्या मध्यावरच्या तारेला अर्धा फेरा, तिच्या आजूबाजूच्या तारांना पाव फेरा.

त्यानंतर मध्य. चाक फ्रेममधून काढून उलट बाजूने बसवा. केबल टायपासूनचं अंतर बदललं तर रिम मध्यात नाही, आणि चूक दिसणाऱ्या फरकाच्या निम्मी आहे. सगळ्या उजव्या तारांना पाव फेरा दिला की रिम उजवीकडे येते. उंची, आऊट, मध्य आणि अर्धा-अर्धा फेरा ताण, हा क्रम फिरवत राहायचा. एक गोष्ट पूर्ण अचूक करून मग दुसरीकडे जाल तर पहिली पुन्हा बिघडेल.

ताण चढत आला की हात हलका करा. २ मिमीची, २९० मिमी लांब तार १०० किलो ताणाला फक्त ०.४५ मिमी लांबते. निपलचे आटे इंचाला ५६, म्हणजे एक फेरा बरोबर तेवढाच. रिमही थोडी आवळली जाते म्हणून प्रत्यक्षात फेरे थोडे जास्त लागतात, पण शेवटच्या टप्प्यात पाव फेरा पुष्कळ असतो. आणि इथे तार निपलबरोबर पिळली जाते. बटेड तार तर फारच. तारेवर मास्किंग टेपची बारीक पताका लावून बघा: पाना फिरवला की पताकाही फिरते. म्हणून जितका हवा त्याहून थोडं पुढे न्या आणि पताका जागेवर येईपर्यंत मागे घ्या. नाहीतर पहिल्याच राइडला तारा टणटण आवाज करत उलगडतील आणि तुमचा आऊट परत येईल.

ताण किती, हे कळणार कसं? ताणमापक असेल तर प्रश्न नाही. पार्क टूलचा टीएम-१ घरगुती कामाला पुरतो, फक्त त्याच्या तक्त्यात तारेची जाडी बरोबर निवडा. उजवीकडे १०० ते १२० किलोच्या दरम्यान थांबा आणि रिम बनवणाऱ्याने कमाल मर्यादा दिली असेल तर ती ओलांडू नका. मापक नसेल तर कान आहे. तार रिमजवळ छेडा आणि त्याच बाजूच्या शेजारच्या तारेशी स्वर जुळवा. स्वर ताणाच्या वर्गमुळाने चढतो. त्यामुळे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांइतका, म्हणजे अर्ध्या स्वराचा फरक ऐकू आला तर ताणात सुमारे १२ टक्क्यांचा फरक आहे. एका बाजूच्या सगळ्या तारा अर्ध्या स्वराच्या आत आल्या की चाक उत्तम. फोनवरचं ट्यूनर ॲप हे काम करतं, पण भजनी मंडळात बसणाऱ्याला त्याचीही गरज नाही. स्वराने समानता कळते. एकूण ताण पुरेसा आहे का, हे पारखायला मित्राच्या सायकलचं त्याच जाडीच्या तारांचं, चांगलं बांधलेलं चाक शेजारी ठेवून छेडा.

सगळं जुळलं की दुकानात सहसा कुणी करत नाही ते काम. जाड हातमोजे घाला आणि एका बाजूच्या जवळजवळ समांतर असलेल्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने आवळा. पूर्ण चाकभर, दोन्ही बाजूंनी. कारखान्यात थंड अवस्थेत वाकवताना तारेच्या कोपऱ्यात जो ताण अडकून राहिलेला असतो, तो या क्षणिक जादा ओढीने निघून जातो आणि कोपरा फ्लांजला नीट बसतो. तार थकून तुटण्यावर याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. आवळल्यावर आऊट थोडा येईल, तो काढा, पुन्हा आवळा. आवळूनही चाक जागचं हललं नाही की काम झालं. आवळताना रिम एकाएकी मोठ्या लाटेसारखी वाकडी झाली तर ताण तिच्या सोसण्यापलीकडे गेलाय; सगळीकडे अर्धा फेरा मागे घ्या.

शेवटी बाजूचा आऊट अर्ध्या मिमीच्या आत, उंचीचाही अर्ध्या मिमीच्या आसपास, मध्य एका मिमीच्या आत. याहून बारीक करता येतं, पण त्यासाठी ताणाची समानता बिघडवावी लागत असेल तर करू नका. ०.२ मिमीचा आऊट मिटवायला एक तार शेजारणीपेक्षा दीडपट घट्ट केलीत तर पुढची तुटणारी तार तीच.

पैशाचं म्हणाल तर यात बचत नाही. यंत्राने बांधलेलं तयार चाक बहुतेक वेळा सुट्या सामानापेक्षा स्वस्त पडतं. अर्थात असं चाक घेऊनही वरचा अर्धा उद्योग करता येतो: ताण समान करा, हवा तितका चढवा, तारा आवळा. मधला मार्ग म्हणून तो अजिबात वाईट नाही. आणि हात बसवायचा असेल तर तुमचं सध्याचं चाकच आहे की. तारा पूर्ण ढिल्या करून पुन्हा ताणून बघा; बिघडलं तरी ते बदलायचंच आहे. पहिल्याच झटक्यात कार्बन रिम, २० तारा किंवा चपट्या सरळ तारा असलं काही घेऊ नका.

नवं चाक घेऊन थेट ब्रेव्हेला जाऊ नका. २० तासांच्या मर्यादेत रात्री दोन वाजता साताऱ्याच्या पुढे कुठेतरी तारा उलगडताना ऐकायला नको. आधी खंबाटकी चढून-उतरून या, शंभरेक किलोमीटर होऊ द्या, मग पुन्हा छेडून बघा आणि जिथे स्वर उतरलाय तिथे पाव फेरा द्या. त्यानंतर बरीच वर्षं हात लावावा लागत नाही. जास्तीच्या तारा डाव्या खालच्या नळीला टेपने गुंडाळून ठेवा. उजवी तार वाटेत तुटली तर कॅसेट काढल्याशिवाय नवी घालता येत नाही, त्यासाठी दोरीची तात्पुरती तार किटमध्ये असू द्या. आणि दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी रिमच्या टेपवर आतून पेनने लिहा: डावी २९०, उजवी २८९, जे काय असेल ते.